फिरत्या सळया

हळदीचा चमचा पातेल्यात झटकला आणि मगच आपण काय करून बसलोय ते क्रांतीच्या ध्यानात आलं. निदान दिवसभर ती स्वतःला असंच सांगत राहिली. रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले, नवरा, कृष्णात, कोळसा आणायला गेलेला. जाताना त्यानं दही, आलं-लसूण, लाल तिखट असं काय काय वाटून केलेला मसाला वाडग्यात झाकून ठेवला होता आणि बजावून गेला होता, "मटण धू, मसाला चोळ, आन् ठेव. दुसरं कायबी करू नको." अडीच किलो मटण, तेही बिनहाडाचं, सारख्या मापाचे चौकोनी तुकडे. काल पिराजी खाटकानं ते कापताना कृष्णातची भरपूर टर उडवली होती. "हाडाबिगर मटण? दाजी, घरात कुणाचं दात पडल्यात व्हय?" आणि काढलेली हाडं वेगळ्या पिशवीत घालून, "ही वहिनीस्नी द्या, त्यांस्नी कळंल काय करायचं," असं म्हणाला होता. वहिनींना कळलं होतं. मटण, हाडं, पाणी, मीठ, हळद, खाली गॅस. पाण्यावर फेस आला तेव्हा तिनं तो पळीनं अलगद काढला, आणि फेस काढताना तिचा हात जराही चुकला नाही.

या गावात मटण घरात आलं की आधी पाण्यात जातं. हळदमिठात शिजवून त्याचं पाणी उतरवायचं, तीच अळणी. अळणीतून पांढरा रस्सा, अळणीतून तांबडा, आणि मटणाचं काय ते मागाहून. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूनं, बयाबाईनं, तिला चुलीपुढं बसवून शिकवलं होतं, "मटणाचा जीव पाण्यात उतरवायचा, पोरी. मग मटण कुणाला बी खाऊ दे." त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हात आपोआप जाणारच की. कुणीही हेच म्हणालं असतं, या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं तिची बाजू घेतली असती. पण फेस काढून झाल्यावर मटण अजून आतून लालच होतं. त्या क्षणी गॅस बंद करता आला असता, तुकडे निथळून मसाला लावता आला असता. क्रांती पळी हातात धरून उभी राहिली. खाली कुणीतरी मोटारसायकल पुसत होतं, तिकडं बघितलं. घड्याळाकडं बघितलं. मग झाकण ठेवलं आणि पंचवीस मिनिटं तिनं ते उघडलं नाही. पाणी गाळून मोठ्या पातेल्यात मागं सरकवलं, मटण पंख्याखाली गार केलं, आणि त्याचा तो लालभडक मसाला एकेका तुकड्याला असा चोळला की शिजलेलं की कच्चं ते बघणाऱ्याच्या बापाला कळू नये. हे सगळं सवयीनं झालं म्हणावं, तर गाळणं मात्र तिनं धुऊन, पुसून, परत खिळ्याला अडकवलं होतं.

कारण आजच्या जेवणावर सगळं ठरणार होतं. क्रांतीचा थोरला भाऊ हंबीरराव बिद्रीहून जेवायला येणार होता. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं रिंगरोडला दोन गाळे बांधले होते, त्यातला एक अजून मोकळा होता. कृष्णातनं दिवाळीतच त्याच्या कानावर घातलं होतं की तिथं शारजातल्या हॉटेलासारखं कबाबचं दुकान टाकतो, खरा कोळसा, फिरत्या सळया, अख्ख्या कोल्हापुरात असलं नाही. हंबीरराव म्हणाला होता, खाऊन बघतो, मग बोलू. आणि त्या रात्री जेवताना कृष्णातनं बायकोला सरळ सांगून टाकलं होतं, "गाळा मिळाला तर ऱ्हातो हितंच. न्हाय मिळाला तर एक तारखेला शारजाच्या शेठला फोन करतो. त्यो वाट बघालाय माझी." क्रांतीनं त्याला भाकरी वाढली. पण एक तारीख तिच्या डोक्यात तेव्हापासून घर करून बसली. भाजी निवडताना, गाडी चालवताना, केस विंचरताना ती तिला आठवायची आणि गार पाण्यानं तोंड धुतल्यासारखं बरं वाटायचं. आपला नवरा परत जावा असं आपल्याला वाटतं, हे तिनं कुणालाच, पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीलासुद्धा, सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? दारू पीत नाही, हात उगारत नाही, बावीस वर्षं शारजात, परमुलखात, आगीपुढं उभं राहून घर उभं केलं. असल्या माणसाचा राग येतो म्हणणारी बाई वेडीच ठरते.

कोळसा आला. पोतं खांद्यावर घेऊन कृष्णात जिन्यानं वर गेला आणि पायऱ्या-पायऱ्यांवर काळी भुकटी सांडली. तिनं फडकं घेतलं, मग टाकून दिलं. वर गच्चीवर ते मशीन होतं. आठ महिन्यांपूर्वी तो कायमचा परत आला, त्याच्या मागोमाग महिन्याभरानं खोक्यात घालून ते आलं होतं. चार गड्यांनी वर चढवलं. लांबलचक लोखंडी खोकं, खाली निखारे, वर दातेरी चाकांवर बारा सळया, बाजूला छोटी मोटर. बटण दाबलं की बाराच्या बारा सळया एका चालीनं फिरायला लागायच्या आणि कृष्णात कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत उभा राहायचा, रिकाम्या असल्या तरी. शेजारच्या बायका चेष्टेनं म्हणायच्या, क्रांती, सवत आणली की गं तुझ्या नवऱ्यानं. त्यावर ती म्हणायची, सवत परवडली, तिला घासावं तरी लागत नाही. सगळे हसायचे, तीही हसायची. पण चैत्रात तिनं चटणीसाठी आठ किलो मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या, आणि राख उडेल म्हणून त्यानं त्या न विचारता जिन्याखालच्या सावलीत ओढून ठेवल्या. त्या दमट झाल्या. यंदाची चटणी विटकरी निघाली, आणि ती बघून तो म्हणाला होता, चवीला बरी हाय की. ते 'बरी हाय की' तिच्या मनातून अजून गेलं नव्हतं. तिला एक आशा होती शेजारच्या सुरेखाताईंची. त्यांची गच्ची लागूनच, जैनाचं घर, धूर थेट त्यांच्या खिडकीत. त्या भांडायला येतील आणि परस्पर काम होईल. पण त्या बाईनं एक दिवस नुसत्या खिडक्या लावून घेतल्या आणि दारात भेटल्यावर म्हणाल्या, "भाऊ किती वर्षांनी घरी आल्यात, करू दे की हौस." क्रांतीला त्यांचाही राग आला.

ती मसाल्यातल्या मटणाचं पातेलं घेऊन वर गेली तेव्हा निखारे फुलले होते. तिनं पातेलं स्टुलावर ठेवलं आणि जिन्याच्या दाराशी थांबली, खाली निघाल्यासारखी, पण निघाली नाही. कृष्णातनं हात धुतले, सळई घेतली, पहिला तुकडा उचलला. आणि थांबला. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात त्यानं तो तुकडा दाबला. एकदा. परत एकदा. शिजलेलं मटण बोटाखाली मोडतं, कच्चं परत वर येतं, एवढं तर लहान पोरालाही समजतं, आणि हा बावीस वर्षं दिवसाला शेकडो तुकडे ओवणारा. क्रांतीच्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. आता तो ओरडणार. ओरडू दे. तिचं उत्तर तयार होतं, हात सवयीचा, इसरले, आणि त्याच्या मागून बाकीचं सगळं बाहेर पडणार होतं, बयाबाईंचं आजारपण, पुराच्या साली कमरेएवढ्या पाण्यातून तिनं एकटीनं वर नेलेला फ्रीज, मिरच्या, सगळं. कृष्णातनं मान वळवून दाराकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं की नुसतं दाराकडं, तिला कळलं नाही, कारण ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं. मग त्यानं तुकडा सळईत ओवला. दुसरा ओवला. तिसरा ओवताना मटणाची एक शीर सुटून खाली पडली, ती त्यानं पायानं बाजूला सारली. बटण दाबलं. सळया फिरायला लागल्या.

खाली येऊन ती कांदा-खोबरं भाजायला लागली आणि खोबरं दोनदा करपलं. कळलं का त्याला? कळलं असतं तर बोलला असता. नसेल कळलं. मग दाबून का बघितलं? दाबायची सवयच असेल. तिच्या हाताला सवय असते तर त्याच्या नसेल? नवऱ्याच्या हाताला कसली सवय आहे हे आपल्याला ठाऊकच नाही, असं तिला वाटलं आणि त्याचाही राग आला. हिशेबच केला तर बावीस वर्षांत तो दर दोन वर्षांनी चाळीस दिवस आला. बॅगा, साबण, ब्लँकेटं, पावडरीचे डबे, आणि चाळीस दिवस घरात पाहुणचार. पहिल्या वेळेला तो परत गेला तेव्हा ती आठवडाभर रडली होती. तिसऱ्या का चौथ्या वेळेला, त्याला गाडीत बसवून घरी आली, दार लावलं आणि लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. तेव्हा लाज वाटली होती. पुढच्या वेळेला लाजसुद्धा वाटली नाही. ती गाडी शिकली, गवंड्याशी भांडून तिनं वरचा मजला चढवला, सासूला शेवटपर्यंत स्वच्छ ठेवलं, आणि बयाबाई गेल्या तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. हळूहळू पलंगाच्या मधोमध झोपायला लागली. आता आठ महिने ती भिंतीच्या कडेला झोपत होती आणि उशाशी कोळशाचा वास असायचा. साबणानं जात नाही तो. हे दिवे का चालू, तो पंखा कशाला, ही कुणाची गाडी, कुठं निघालीस, कवा येणार. विचारण्यात वाईट काही नव्हतं. पण तिला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

एकदा ती शारजाला गेली होती, लेक बारा वर्षांची असताना, दोघी पंधरा दिवस. एका संध्याकाळी न सांगता त्याच्या हॉटेलावर गेल्या. रस्त्याच्या बाजूला मोठी काच, काचेमागं हेच मशीन, आणि मशीनमागं डोक्याला कापड बांधलेला कृष्णात. काचेबाहेर एक अरबी पोरगी बापाच्या कडेवर बसून बघत होती, आणि कृष्णात तिच्यासाठी एक सळई उचलून बोटांवर गरगर फिरवत होता, हसत होता, दात दिसत होते. क्रांतीनं हा माणूस असा हसताना कधी बघितला नव्हता. मांडवात नाही, लेक झाली तेव्हा नाही. मग आतून कुणीतरी काचेवर टकटक केली, तो दचकून वळला, हसू पुसल्यासारखं गेलं आणि तो मान खाली घालून कोळसा सारायला लागला. लेक म्हणाली, मम्मी, पप्पांना हाक मार की. क्रांतीनं हाक मारली नव्हती. पोरीचा हात धरून ती परत फिरली होती. तेव्हा वाटली ती माया होती की चीड, ते तिनं कधी तपासलं नाही. आज तांबड्याला फोडणी देताना ती काच तिला इतकी स्वच्छ दिसली की तिनं गॅस बारीक केला.

हंबीरराव बाराला आला. सोबत बायको आणि कारखान्यातला एक दोस्त. वरून धूर खाली येत होता आणि हंबीरराव नाक वर करून म्हणाला, "वास तर झ्याक सुटलाय, दाजी!" वासाचं काय, वास मसाल्याचा होता. गच्चीवर सतरंजी टाकली, कृष्णातनं सळया काढल्या. निम्मे तुकडे निखाऱ्यात पडून जळाले होते, उरलेल्यांचा चोथा झाला होता, बाहेरून काळे, आतून दोरा. हंबीररावनं एक तोंडात टाकला. चावला. चावतच राहिला. दोस्तानं पाणी मागितलं.

"दाजी," हंबीरराव अखेर म्हणाला, "राग मानू नका, पर ह्ये मटण हाय का सुंभ?"

क्रांती जिन्याच्या दाराशी रश्श्याचं भांडं घेऊन उभी होती. आता. आता तो म्हणणार, हिला विचारा. तिनं भांडं घट्ट धरलं.

"मीच सांगितलंतं हिला," कृष्णात म्हणाला, पत्रावळीतली राख झटकत. "म्हटलं आपल्याकडचं मटण निबार, जरा उकडून घे. माझा अंदाज चुकला."

"उकडून? मग अळणी काय केलासा?" हंबीररावचे डोळे चमकले आणि त्याला भांडं दिसलं. "अगं क्रांते, तिथं काय हुबी ऱ्हायलीस, आण की हिकडं!" मग काय, वाट्या भरल्या, पांढरा झाला, तांबडा झाला, त्या काळ्या तुकड्यांना सगळ्यांनी रश्श्यात बुडवून मऊ केलं आणि वरपून वरपून जेवले. दोस्त म्हणाला, असला पांढरा कुठल्या खानावळीत मिळत नाही. हंबीररावनं हात चाटत निकाल दिला, "बघा दाजी, खरं सांगतो. माणसाला हितं वरपाय लागतं. नुसतं चावत कोण बसणार? गाळा मी त्या टायरवाल्याला देऊन टाकतो. त्यो बी लई दिस मागं लागलाय." कृष्णात म्हणाला, "व्हय, द्या की." आणि त्यानं वाटी पुढं करून रस्सा मागून घेतला.

क्रांतीनं तो रागानंच वाढला. भांडणाचं सगळं सामान मांडून बसावं आणि समोरच्यानं जेवायला बसावं, याला काय म्हणायचं? तिच्यावर उपकार केले त्यानं, चारचौघांत. तो उपकार तिला नको होता. तिला शिवी हवी होती. शिवी दिली असती तर तो परत गेल्यावर तिचा जीव स्वच्छ राहिला असता. मात्र काम झालं होतं. गाळा गेला होता. एक तारीख चार दिवसांवर होती, तोपर्यंत हा उपकारही गिळता येईल, असं तिनं ठरवलं.

पाहुणे गेले. चार वाजले असतील. ती ओट्यावर भांडी लावत होती तेव्हा कृष्णात घासलेल्या सळया जुन्या गोणपाटात गुंडाळून खाली घेऊन आला आणि त्या त्यानं माळ्यावर टाकल्या. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला.

"पयला तुकडा हातात घेतला तवाच कळलंतं," तो म्हणाला.

तिनं ताट खाली ठेवलं. "मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलणार? तुझा भाऊ वाटंत. दुसरं मटण आणाय येळ न्हाय."

"त्यास्नी खोटं का सांगितलासा?"

"मग काय सांगू? माझ्या बायकोला मी घरात नको हाय म्हणून?"

हे वाक्य त्यानं आवाज न चढवता म्हटलं. क्रांतीचं हात सवयीचा वगैरे जे होतं ते कुठल्या कुठं गेलं. तिला एवढंच सुचलं, "एक तारखेला फोन करणार न्हवं तुम्ही शेठला?"

"कसला शेठ?" कृष्णात उंबऱ्यातच खाली बसला. "त्यांनी सगळं गॅसवर घेतलं गेल्या साली. कोळसा नको, धूर नको, कोळशावरची माणसं नकोत. मशीन भंगारात टाकालते, म्हटलं मला द्या. फोन कुणाला करू? तिकडं कोण वाट बघत न्हाय, क्रांती. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलंतं. मागणी असलेला माणूस असला की घरात जरा किंमत ऱ्हाती."

ती खुर्चीवर बसली. नवऱ्याची दया तिला लगेच आली नाही. आधी आला तो संताप, डोळ्यांत पाणी आणणारा. हे आधी सांगितलं असतं तर? मटणाला तिनं हात लावला नसता. भावाच्या पाया पडून गाळा मागितला असता, नारळ स्वतः फोडला असता. सकाळी दहाला गेला असता हा माणूस आणि रात्री अकराला आला असता, रोज, रविवारसुद्धा, आणि सगळं घर दिवसभर तिचं राहिलं असतं. ती पंचवीस मिनिटं झाकण ठेवून उभी राहिली ती यासाठी. स्वतःच्या हातानं तिनं त्याला कायमचा घरात आणून बसवला होता. दया त्यानंतर आली, थोडीशी, आणि ती कुणाची आली ते तिला सांगता आलं नसतं.

कृष्णात उठला. नळाखाली हात धुतले, टॉवेलाला पुसले, आणि ओट्यापाशी तिच्या नेहमीच्या जागेवर येऊन उभा राहिला. पांढऱ्याच्या पातेल्यात तळाशी थोडा रस्सा उरला होता, त्यात बोट बुडवून त्यानं चाटलं.

"त्यो दोस्त म्हणाला ते खरं हाय. असला कुठं मिळत न्हाय. मला शिकीव," तो म्हणाला. "दुपारी लोक डबं घिऊन जातील. घरातनंच करू, दोघं मिळून. गाळा कशाला पायजे?" आणि मांडणीवरच्या डब्यांच्या रांगेकडं बघत त्यानं विचारलं, "खसखस कुठं ठेवतीस?"

"संपलीया," क्रांती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग पहिला डबा काढला, झाकण उघडलं, हुंगलं, आणि दुसऱ्याच जागी ठेवला. दुसरा काढला. खसखस तिसऱ्या रांगेत, कडेच्या डब्यात होती, काठोकाठ भरलेली. क्रांती खुर्चीवरून उठली नाही. शोधू दे. एकेक झाकण उघडून शोधू दे. आता त्याच्याकडं वेळच वेळ होता.